मेहुण्याला लिंबाला बांधल्याबद्दल वैद्यकीय खुलासा

रा. रा. विजयसिंहराव, मुक्काम पाली, यांस अर्जुनरावाचा सप्रेम रामराम. इकडे सांधे सोडून सर्व खुशाल. तुमच्या मनगटांवरचे वळ आता गेले असतील, अशी आशा करतो. (बोटं सुजल्यामुळे पत्र मी सांगतोय आणि तुमची बहीण लिहितेय. दसऱ्यापासून ती माझ्याशी बोलत नाही, पण लिहिते.)

परवा अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी मला माझा आजार समजावला आणि मला एकदम तुमचीच आठवण आली. छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते म्हणे. तिथे टी पेशींची, म्हणजे शरीराच्या राखणदारांची परीक्षा होते. ज्यांना आपल्या शरीराची ओळखखूणच वाचता येत नाही ते नापास, आणि जे आपल्याच माणसावर तुटून पडतात त्यांचा तर तिथेच निकाल लावतात. बहुतेक सगळे गळतात. (आमच्या ग्रामसुरक्षा दलात मात्र पानटपरीवर जो उभा होता त्याला शिट्टी आणि काठी मिळाली. दलाचा अध्यक्ष मीच, हे तुम्हाला ठाऊक आहेच.) तरीही एखादा आगाऊ निसटतोच, म्हणून "आवरा, हा आपलाच आहे" असं सांगणाऱ्या वेगळ्या पेशी ठेवलेल्या असतात. माझ्यात त्यांचं कुणी ऐकेनासं झालंय, त्यामुळे राखणदार माझेच सांधे बडवतायत.

आता तुम्हीच सांगा, साक्षात देवानं उघडलेलं खातं चुकतं, तिथे आमची काय कथा? तुम्ही भर दुपारी, धुळीपायी तोंडाला रुमाल गुंडाळून, खांद्यावर पोतं घेऊन आलात. गावात चोरांची अफवा. पोरांनी तुम्हाला लिंबाला बांधलं. वनमाला दारातून ओरडत होती, "आरं सोडा, भाऊ हाय त्यो माजा." तिला आम्ही आत जायला सांगितलं, कारण दलाच्या कामात बायकांनी पडू नये असा आमचा ठरावच होता. माझा चष्मा नेमका घरात राहिलेला. (इथे तुमच्या बहिणीनं पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. का, ते कळलं नाही.) पोत्यातली सीताफळं मुद्देमाल म्हणून जप्त झाली. गोड होती. तेव्हा यात दोष कुणाचाच नाही, हा एक आजार आहे, असं समजून राग सोडावा.

आपला,
अर्जुनराव

ता. क. भाऊबीजेला यावे. तुम्ही आला नाहीत तर ही बोलायची नाही, आणि ते मला सांध्यांपेक्षा जास्त दुखतंय.

आणखी ता. क. (हा त्यांनी सांगितलेला न्हाई.) दादा, चष्मा त्यांच्या डोळ्यावरच होता. त्यांनी तुला ओळखलंतं. पोरांसमोर "चुकलं" म्हणवंना, एवढंच. तू ये. ह्या बारीला मी दारात न्हाई, फाट्यावरच येऊन थांबते. वनमाला.