दोन बोटं कापड

३ फेब्रुवारी, सोमवार

पाटी काढली. 'फक्त नवीन शिलाई. आल्टर करून मिळणार नाही.' एकोणीस वर्षं दुकानावर मिरवली! पण महिनाभर नवा कपडा टाकायला एक माणूस आलेला नाही. मंदी आहे, लोक जुनंच सैल करून वापरतायत. मग मीही नाक मुठीत धरलं. स्टुलावर चढून स्क्रू काढले. समोरचा चावीवाला बघत होता, म्हणून पाटी पुसायला काढल्यासारखं केलं. फडकंसुद्धा फिरवलं!

५ फेब्रुवारी

पहिलंच काम आलं आणि तोंडघशी पडले.

नकाशेवाले आले. इमारतींचे नकाशे काढतात — काढायचे. दोन महिन्यांपूर्वी कंपनीने घरी बसवलं. राखाडी कोट घेऊन आले, अकरा वर्षांपूर्वी मीच शिवलेला. पंचवीस तारखेला मुलाखत आहे, बटण लागत नाही, जरा सैल करून द्या म्हणाले. मी ऐटीत त्यांच्यासमोरच बगलेखालची शिवण उसवली. आत काही नाही! जेमतेम टाका धरेल एवढी कड.

मावशीने शिवण शिकवताना पहिली गोष्ट हीच सांगितली होती — आत दोन बोटं माया, जादा कापड सोडायचं, माणूस पुढे अंगाने भरतो. आणि मी? चांगल्या दिवसांत सुद्धा घट्ट कापून प्रत्येक गिऱ्हाइकाचं कापड मारलं, त्याचे बटवे शिवून विकले. कुणी सैल करून मागितलं तर बिंग फुटेल, म्हणून तर ती पाटी!

आणि आज मीच ती उतरवून बसले. त्यांना काय सांगणार? म्हटलं, "तुम्हीच सुटलात हो, कोट तरी काय करणार?" ते हसले. मी शिवण होती तशी घालून दिली.

६ फेब्रुवारी

तुम्हीच सुटलात! शी.

१४ फेब्रुवारी

नकाशेवाल्यांची बायको चादर शिवून घ्यायला आली. बोलता बोलता म्हणाली, ह्यांनी रात्रीचं जेवण सोडलंय. सकाळीही चार घास खाऊन उठतात. कोटात बसायचंय म्हणे. पोरं चिडवतात, बाबा हिरो होणार म्हणून. मग तिचा आवाज उतरला. गालफडं बसलीत हो, तुम्ही जरा सांगा ना, तुमचं ऐकतील.

माझं! मी चादरीत डोकं घातलं आणि फाटलेलं शोधत राहिले. ते तर समोरच होतं. एक वाक्य बोलायचं होतं, तेही गिळलं. माझ्या चोरीपायी माणूस उपाशी राहतोय आणि मी त्याच्या बायकोला सांगते की वजन उतरलेलं तब्येतीला चांगलंच. वर तिला पाणी दिलं, हसले. मला स्वतःची किळस आली.

१५ फेब्रुवारी

ट्रंक उघडली. चोरीतही मी शिस्तीची! प्रत्येक तुकड्याला अर्धी पावती टाचलेली — एखाद्याच्या कापडाचा बटवा चुकून त्यालाच विकला जाऊ नये म्हणून. तळाशी राखाडी तुकडा सापडला. अजून नवाकोरा दिसतो, कोट मात्र उन्हाने विटलाय. तरी बगलेपासून खाली पट्टी घातली तर हाताखाली झाकली जाईल. कोट पाठवून द्या म्हणून निरोप धाडला.

१७ फेब्रुवारी

कोट बसला! आरशासमोर त्यांनी दोनदा बटण लावलं, दोनदा काढलं. त्यांनी काही विचारायच्या आत मीच सांगून मोकळी झाले की गिऱ्हाइकाचं उरलेलं कापड मी जपून ठेवते, वेळेला लागतं. किती पटकन सुचलं! आरशात मीही दिसत होते, तिकडे बघवेना.

२१ फेब्रुवारी

नकाशेवाल्यांच्या बायकोने कोटाचं गल्लीभर सांगितलंय. चार दिवसांत अकरा जण आले. सगळ्यांना आपापलं कापड ट्रंकेत मिळतंय. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तर माझा हात हातात घेतला, म्हणाल्या, अशी माणसं राहिली कुठे! आजूबाजूची दुकानं माशा मारतायत आणि माझ्याकडे स्टूल रिकामं नाही. लोकांचंच कापड लोकांना जोडते, मजुरी घेते, आणि वर देवमाणूस म्हणवून घेते. चावीवाला मला बघून उठून उभा राहतो आता. मी रस्ता बदलून जाते.

२२ फेब्रुवारी

ठरवलं, आज मजुरी घ्यायची नाही. घेतली.

२४ फेब्रुवारी

सांगितलं. उद्याच्या मुलाखतीसाठी कोटाला इस्त्री करून घ्यायला ते आले होते. दुकानात आम्ही दोघंच. कापड, बटवे, पाटी, 'तुम्हीच सुटलात' — सगळं सांगून टाकलं. मान वर करवत नव्हती.

"शिवण माझ्यासमोरच उसवलीत की तुम्ही," ते म्हणाले. "नकाशे काढतो मी. अर्धा सेंटीमीटर मला दिसत नाही होय?"

मग जेवण का सोडलंत, मी विचारलं.

"घरात पुरत नाही, ताई. माझं पोरांच्या ताटात पडावं म्हणून काहीतरी कारण हवं होतं. कोटाचं बरं होतं." त्यांनी कोट हातावर घेतला. "आता हा बसतो. घरी काय सांगू?"