घरी भरलेली काडतुसं

कॉटर, मोंटाना
१४ एप्रिल

प्रिय रॅगना,

तुझं पत्र आणि संत्र्यांची पेटी, दोन्ही पोचलं. संत्री गोड होती. पत्र नव्हतं. अ‍ॅन्सेलला जाऊन, तू विधवा होऊन चार वर्षं झाली, आता गुरं विकून अ‍ॅरिझोनाला ये, हे तू अजून किती वेळा लिहिणार आहेस? तू कॉटरला पाऊल ठेवणार नाहीस आणि मी तुझ्या वाळवंटात राहणार नाही. दोघी आईच्या वळणावर गेलो, दुसरं काय!

तर आता बातमी. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानं जोडतेस, म्हणून लिहूनच कळवते. मी काडतुसं भरायला शिकले. हसू नकोस.

झालं असं, की बर्फ वितळलं आणि गोफर, त्या बिळं करणाऱ्या खारी, वर आले. लसूणघासाच्या शेताची त्यांनी नुसती चाळण केली. माझ्या घोडीचा, हनीचा, पाय एका बिळात गेला आणि गुडघा टम्म सुजला. हाड शाबूत होतं, नशीब. पाय बांधून घेतला, तिला आराम दिला, आणि मी अ‍ॅन्सेलची ती लहान मापाची रायफल फडताळातून काढली. बघते तर काडतुसांचा डबा रिकामा.

गसच्या दुकानात गेले. तो म्हणाला, "थोरा, या मापाची काडतुसं माझ्या आजोबांच्या भुताला विचार. हल्ली कोणी ठेवत नाही."

"मग गोफरांना काय शिव्या देऊ?"

"घरी भर. बंदुकीची दारू आहे, ठिणगीच्या टोप्या आहेत, गोळ्या आहेत. काडतुसांच्या वापरलेल्या पुंगळ्या अ‍ॅन्सेलनं जपून ठेवल्या असतीलच. फक्त डोकं तेवढं तुला आणावं लागेल."

"तेही तुझ्या दुकानात नाही वाटतं?"

सगळी गिऱ्हाइकं हसली. आणि मी, इतक्या लोकांदेखत बोलून बसल्यावर, माघार कशी घेणार?

दाबयंत्र मला चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत मिळालं, ते मी स्वयंपाकघरातल्या टेबलाला ठोकून बसवलं. एका साच्यात पुंगळी घालायची आणि दांडा खाली ओढायचा, की फुगलेली पुंगळी मूळ मापावर येते आणि जळकी टोपी खाली गळून पडते. ऐकायला किती सोपं! पुंगळीला आधी तेलाचं बोट लावायचं असतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि विसरले होते. पुंगळी साच्यात घट्ट रुतली. मी दांड्याला लोंबकळले. पुंगळी काही हलली नाही, पण स्वयंपाकघराच्या टेबलाची फळी उपटून आली आणि तिच्यावर निवत ठेवलेली रुबार्बची आंबटगोड पेस्ट्री जमिनीवर पालथी झाली. कुत्र्याला तो दिवस जन्मभर आठवेल.

मग ओळखीतल्या एकांना बोलावलं. त्यांना हे काम येतं. दारात उभं राहून त्यांनी आधी टेबल बघितलं, मग मला, मग मिशांना रुबार्ब लागलेला कुत्रा. म्हणाले, "तुमच्या दोघांपैकी शिकायचंय कोणाला?"

त्यांनी पहिल्या दिवशी दारूला हातच लावू दिला नाही. टेबल कोठारात हलवलं आणि भिंतीला ठोकलं. शेगडी जवळ नको, टेबलावर दारूचा एकच डबा, दुसरा दिसता कामा नये. पुस्तकात दिलेल्या सगळ्यात कमी मापापासून सुरुवात, "माझ्या अंदाजानं" हा शब्द कोठाराच्या बाहेर. दारू भरल्यावर प्रत्येक पुंगळीत बॅटरी मारून बघायचं, एकीत दोनदा तर पडली नाही ना. आणि काम चालू असताना बोलायचं नाही.

मी! न बोलता!

पण रॅगना, जमलं. ते तराजूशी बसतात, जिभेचं टोक मिशीच्या कडेला काढून काटा थांबेपर्यंत श्वास रोखतात, आणि मी शेजारी टोप्या बसवते. कोठारात चिमण्या सोडल्या तर आवाज नाही. अ‍ॅन्सेल गेल्यापासून मला शांतता म्हटली की रेडिओ लावावासा वाटायचा. तिथे नाही वाटत.

काल पहिली काडतुसं कागदावर झाडून बघितली. पहिली गोळी झाडताना माझे डोळे मिटलेले होते, ते कोणाला सांगू नकोस. मग बोट स्थिरावलं. जवळ जाऊन बघितलं तर शेवटची तीन भोकं एकमेकांना इतकी चिकटलेली, की वर बाटलीचं बूच ठेवलं असतं तर झाकली असती. अगं, मी या वयात शेतात नाचले! मनसोक्त हसले. गोफरांची गोष्ट उद्यापासून.

गुडघ्यांना जप.

तुझी,
थोरा

कॉटर
३० मे

प्रिय रॅगना,

तुझं पत्र टपालपेटीपाशी उभ्याउभ्याच वाचलं आणि तुझ्या या ओळींवर पकडली गेले: "घोडीचा पाय कोणी बांधला ते तू लिहिलं नाहीस. आणि जिभेचं टोक बाहेर काढून मोजणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आहे. लीलँडच ना?"

हो. लीलँडच.

मी त्याचं नाव लिहीत नव्हते, कारण आपल्या दोघींत ते कधी निघत नाही. लग्नाला आठवडा उरला असताना तू त्याला नाही म्हणालीस आणि गाव सोडलंस. तो जनावरांचा डॉक्टर होऊन परत आला आणि इतकी वर्षं आमची गुरं तपासत राहिला, तेही मी तुला कधी कळवलं नाही. तुला दुखेल असं वाटायचं. खरं सांगू? यावेळी मला दुखेल म्हणून लिहिलं नाही. तू "शी, तो?" म्हणाली असतीस, तर मला सोसलं नसतं.

कारण गेल्या मंगळवारी दुपारी एक गोष्ट झाली.

आम्ही कोठारात होतो. तो दारू मोजत होता. काटा थांबला, तरी तो तसाच बघत बसला. मग तराजूवरची दारू त्यानं परत डब्यात ओतली आणि झाकण घट्ट लावलं. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं.

म्हणाला, "थोरा, आज माझं मन जाग्यावर नाही. अशा वेळी माणसानं दारूला हात लावू नये."

"बरं वाटत नाही का तुला?"

"उत्तम वाटतंय. माझ्याशी लग्न करशील का?"

मी काय म्हणाले असेन? "आधी हात धू, शिसं लागलंय."

आणि तो खरंच गेला धुवायला! नळाशी उभा राहून साबण लावतोय, कोपरापर्यंत, शस्त्रक्रियेला निघाल्यासारखा, आणि मी मागून ओरडले, "हो! अरे, हो म्हणतेय मी, नळ बंद कर!" कुत्रा भुंकायला लागला. आम्ही दोघं इतके हसलो की मला स्टूल घ्यावं लागलं.

त्या संध्याकाळी मी टेकडीवर अ‍ॅन्सेलच्या थडग्याशी जाऊन आले. तिथे रडू येईल असं वाटलं होतं. गवत काढलं, त्याला सगळं सांगितलं, गसच्या दुकानातलं बोलणंसुद्धा. मन हलकं झालं. त्याला मी ओळखते. तो म्हणाला असता, बंदूक पुसून ठेवलीस ना?

तुझं पत्र मी लीलँडला वाचून दाखवलं. रागावू नकोस. त्यानं डोक्यावरची हॅट काढून खुंटीला अडकवली. मग म्हणाला, "रॅगनाला कळव, तिनं मला सोडलं म्हणून मला डोरीन भेटली. तीन मुलं, आणि डोरीन जाईपर्यंत सुखाचा संसार. त्या वेळी राग होता, पण मी तिशीत पोचायच्या आतच तो संपला. तिच्याशी माझं लग्न झालं असतं तर आम्ही एकमेकांना भाजून खाल्लं असतं." मी म्हटलं, हे शेवटचं लिहू का? तर म्हणाला, "तेच आधी लिही."

तू विचारतेस, मी आले तर गाव काय म्हणेल? बोलणारे अर्धे टेकडीवर आहेत, अ‍ॅन्सेलच्या शेजारी. उरलेल्या अर्ध्यांना तुझ्याइतकंच ऐकू येतं. गसला सांगितलं तर म्हणतो, "रॅगना म्हणजे ती, जी नाचायला सगळ्यात पुढे असायची? ये म्हणावं." लोकांच्या लक्षात एवढंच राहिलंय, रॅगना. बाकीचं फक्त तू सांभाळून ठेवलंस.

आणि एक बघ. आजवर तुझ्या पत्रात "येणार नाही" असायचं. या वेळी तू "आले तर" लिहिलंस. मी ते चारदा वाचलं.

लग्न जूनच्या शेवटच्या शनिवारी, शेताच्या कडेला. गोफर हटलेत, निदान पाहुण्यांचे पाय मोडणार नाहीत इतके तरी. हनी धावते आहे. लेफ्से, आपली बटाट्याची पोळी, मी लाटीन, पण आईसारखी पातळ तुझ्याच हातची होते, तेव्हा ते काम तुझं.

तुझी परवानगी मागत नाही. ती न घेताच हो म्हणून बसले. फक्त त्या दिवशी माझ्या डाव्या हाताला कोणीतरी उभं राहायला हवं आणि ती जागा मी दुसऱ्या कोणाला देणार नाही. रिकामी राहिली तर रिकामी राहील.

बिलिंग्जच्या विमानतळावर मी एकटीच येईन. लीलँडला घरी ठेवते. आधी आपण दोघी भेटू, काय रडायचं ते गाडीतच रडून घेऊ, आणि मग हसत गावात शिरू.

जागा धरून उभी असलेली,
तुझी धाकटी बहीण,
थोरा