मडगार्डखालचा नंबर

२८ मे

गाडीची नवी बॉडी आली. ट्रकवरून उतरवताना चौघांना घाम फुटला. काळा प्रायमर, आत सगळं पोकळ — दार नाही, काच नाही, चाक नाही. शेजारची पॅट कुंपणावरून म्हणाली, "रोझली, या वयात बाळ?" म्हटलं, "लोखंडाचं आहे. रात्री रडणार नाही."

डेनिसने हौसेने मागवली. "आई, जुनीला खालचा पत्राच उरला नाही. पाय जमिनीला लावून पळवावी लागेल." खोटं नाही. इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते मीठ वर्षानुवर्षं ती गाडी कुरतडतंय. आता इंजिन, दारं, काचा, सीटा, स्टिअरिंग — जुनीतून काढायचं, नवीत बसवायचं. नवी बॉडी म्हणजे कंपनीच्या परवान्याने काढलेली हुबेहूब नक्कल.

नक्कल ती नक्कल. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, कॉपी करणाऱ्याला शून्य दिलं. तरी या वेळी हो म्हटलं. ऑगस्टमध्ये वुडवर्डच्या रस्त्यावर जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते, तिच्यात माझ्या भावाची, लिऑनची मस्टँग मला चालवायची आहे. माझ्या हाताने. पुढच्या वर्षी चालवण्याइतकं दिसेल याची हमी डोळ्यांचा डॉक्टर देत नाही.

३ जून

सीटा काढल्या. डेनिस म्हणाला, "भंगारवाल्याला सोमवारी बोलावतो." इतकी घाई कशाला? म्हटलं, शेवटचा स्क्रू मी स्वतः काढेन, मग बोलाव.

त्या सीटवर माझा भाऊ बसला आहे. एकोणसत्तर साली लिऑनने गाडी घेतली, वर्षभरही चालवली नाही, व्हिएतनामला गेला आणि स्क्रू लावलेल्या पेटीतून परत आला. जाताना किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाला, "रोझ, चालव. दुसऱ्या कुणाला देऊ नकोस." दिली नाही. चेस्टरलाही नाही, नवरा असला म्हणून काय झालं. घरात नियमच होता — या गाडीला ओरखडा काढील त्याला या घरात जागा नाही. डेनिस सोळाचा झाला, म्हणजे इथलं लायसन्सचं वय. इतरांची पोरं गाडीसाठी आईबापांचा जीव खायची, याने एकदाही मागितली नाही. मला केवढा अभिमान वाटला होता.

गिअरची पितळी मूठ काढून एप्रनच्या खिशात ठेवली. लिऑनने कारखान्यातल्या लेथवर स्वतः घडवलेली.

९ जून

पुन्हा भंगारवाला. "आई, जागा अडते." गॅरेज माझं, जागा माझी. हनुवटीवरचा व्रण चोळत राहिला. शाळेत असताना तिथे बेसबॉल लागला होता. अडचणीत आला की चोळतो. पन्नाशी उलटली तरी सवय गेली नाही.

१७ जून

नव्या बॉडीच्या नोंदणीसाठी सरकारी इन्स्पेक्टरला जुन्या चेसिस नंबरचे फोटो हवेत. नंबर दोन प्रकारे असतो. एक डॅशबोर्डवरच्या पट्टीवर, काचेतून कुणालाही दिसेल असा. दुसरा पुढच्या मडगार्डखाली थेट पत्र्यात ठोकलेला. तो मडगार्ड उतरवल्याशिवाय दिसत नाही. पुस्तकात वाचून ठेवलं होतं. डेनिस कामावर गेला होता. मीच बोल्ट सोडवले. गंजलेले, पण सुटले. तारेच्या ब्रशने घासलं. आकडे वर आले.

पट्टीवरचा नंबर मला पाठ आहे. पत्र्यातला तो नाही.

दुसरा मडगार्ड उतरवला. तिथेही तोच परका नंबर. मी आकडे चुकीचे वाचत नाही.

ही लिऑनची गाडी नाही.

१८ जून

सत्याऐंशीचा उन्हाळा. दुसरं काही असूच शकत नाही. आईच्या शेवटच्या दुखण्यात मी पिट्सबर्गला होते, सगळा उन्हाळा. तिला पुरून परत आले तर दारात मस्टँग, नव्या हिरव्या रंगात चकाकत. चेस्टर म्हणाला, "तुझ्यासाठी." आईच्या दफनाला मी रडले नव्हते. त्या रंगाकडे बघून सगळ्या आळीदेखत त्याच्या गळ्यात पडून रडले. मी!

आणि तो पाठ थोपटत उभा राहिला.

चेस्टरला जाऊन सहा वर्षं झाली. जाब कुणाला विचारू? त्याचा फोटो ड्रॉवरमध्ये पालथा घातला.

२० जून

अँब्रोजकडे गेले. चेस्टरचा कारखान्यातला जोडीदार, दोघं वेल्डिंगला एकाच लाइनवर. बटाटा भरलेल्या पिरोगी करून नेल्या. झाकण उघडून म्हणाला, "लाच?" म्हटलं, "जबाबाआधीचं जेवण."

दोन नंबर त्याच्यापुढे ठेवले. त्याने काटा खाली ठेवला.

"रोझ, मेलेल्याला उकरू नये."

"मी तुला उकरते आहे. तू जिवंत आहेस."

मग बोलला. लिऑनची गाडी फोर्ट स्ट्रीटवर खांबावर आदळली. पुढची बाजू चोळामोळा. दुरुस्तीच्या पलीकडे. टोलेडोजवळ त्याच सालची, तशीच एक गाडी मिळाली. वाचलेल्या सीटा, स्टिअरिंग, गिअरची मूठ, डॅशबोर्डवरची पट्टी — सगळं त्या गाडीत चढवलं आणि वर रंग मारला. "काम चोख केलं, रोझ. तुला कळलं तरी का?" अभिमानाने सांगत होता, मेला.

"कोण चालवत होतं?"

खिडकीबाहेर बघून म्हणाला, "चेस्टर. जरा घेतली होती त्याने."

"आणि लिऑनची गाडी?"

"दाबून ठोकळा केला."

"कुणाकुणाला माहीत होतं?"

पिरोगींवर झाकण लावलं. मग म्हणाला, "हॉलमध्ये सगळ्यांनाच."

म्हणजे युनियनचा अख्खा हॉल. लेंटच्या उपासाच्या दिवसांत दर शुक्रवारी ज्यांच्या पंगतीला बसून तळलेला मासा खाल्ला ते सगळे. "रोझली, भावाची गाडी काय जपली आहेस!" म्हणणारे. पॅटचा नवरा तर गाडीच्या टपावर थाप मारून म्हणायचा. घरी जाऊन हसत असतील.

२१ जून

"जरा घेतली होती." चेस्टरने! बाप दारूपायी मेला म्हणून लग्नातसुद्धा आल्याचा सोडा प्यायलेला माणूस. म्हणजे तेही सोंगच. माझ्या पाठीमागे पीत होता, माझ्या भावाची गाडी घेऊन हिंडत होता. मग ज्याच्याबरोबर संसार केला तो कोण होता? त्याच्यावरचा रंगही वरवरचाच.

२ जुलै

डेनिसला सांगितलं. नंबर दाखवले. पांढराफटक पडला. म्हणाला, "बाबांना दोष देऊ नकोस."

"मग कुणाला देऊ? खांबाला?"

काहीतरी बोलणार होता.  पाना उचलून कपाटात ठेवला आणि गेला. बापाची बाजू घेतो. घेऊ दे.

काम बंद.

१५ जुलै

गॅरेजमध्ये दोन बॉडी आहेत. एक काळी, एक गंजकी. काळी निदान कबूल करते की मी नक्कल आहे. गंजकीवर मी चौतीस वर्षांहून जास्त जीव लावला, दर वसंतात मेण चोळलं, टोलेडोच्या कुणा परक्याच्या पत्र्याला गाल लावून भावाशी बोलले.

मिरवणुकीतून नाव काढून घेतलं.

८ ऑगस्ट

दगड कोरणाऱ्याकडे गेले. चेस्टरच्या दगडावर माझंही नाव आहे. तो गेला तेव्हाच दोन्ही नावं कोरून घेतली होती. माझं जन्मसाल, आडवी रेघ, पुढे कोरी जागा.

"माझं नाव काढा."

म्हणाला, "बाई, दगडात वाढवता येतं, खोडता येत नाही."

"मग?"

"तुमची अर्धी बाजू घासून आत घ्यावी लागेल. खळगा दिसेल. लोक विचारतील."

"विचारू देत. उत्तर तयार आहे."

सोमवारी सकाळी यंत्र घेऊन दफनभूमीत येतो म्हणाला.

१२ ऑगस्ट

डेनिसचा फोन. गाडीचे सगळे भाग विकून टाक म्हटलं, पितळी मूठ सोडून. आणि दगडाचं सांगितलं. कळायला हवं त्याला, मी वेगळ्या जागी पुरली जाणार आहे.



"सोमवारी?" म्हणाला.

"सोमवारी."

१५ ऑगस्ट

उजाडताना डेनिस दारात उभा होता. कोट घालून निघतच होते मी. हनुवटीवर हात ठेवून म्हणाला, "आई, गाडी बाबा चालवत नव्हते." बेसबॉल नव्हता तो. हनुवटीवर आदळलं ते स्टिअरिंग होतं. नव्या बॉडीची घाईसुद्धा त्यासाठीच — जुनी भंगारात गेली की संपेल असं त्याला वाटलं.

दगडवाल्याला फोन करून नको म्हटलं.

"मला का नाही सांगितलं?"

"तुला?" म्हणाला. घरातला ओरखड्याचा नियम माझाच.

लिऑनची किल्ली त्याच्यासमोर टेबलावर ठेवली. त्याने उचलली नाही. तिथेच आहे.