वैशालीच्या लग्नासाठी रॅम

गुरुवार संध्याकाळ, ओतूर

वैशालीच्या लग्नाचा व्हिडिओ एडिटिंगला माझ्याकडेच आला. तिच्या भावाला आमच्या दोघांबद्दल काहीच ठाऊक नाही. जुन्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ सारखा अडकत होता, म्हणून त्यानं दिलेला ॲडव्हान्स घेऊन दुकानात गेलो. शेठ म्हणाले, "भाऊ, एवढ्यात एकच बसंल. रॅम घ्या न्हाईतर एसएसडी." ग्राफिक कार्डाचं तर नावच नको. रॅम घेतली.

का घेतली? काम नाकारता आलं असतं की. पण तिचं लग्न दुसऱ्या कुणी कापावं-जोडावं, हेही सोसलं नसतं.

घरी येऊन रॅम बसवली आणि हार घालतानाचा शॉट लावला. कालपर्यंत तिचा हात तिथंच थिजायचा. वाटायचं, ती थांबलीय. आज व्हिडिओ सलग चालला. तिनं हार घातला आणि हसली. अगदी मनापासून हसली.