धुक्यातला चौथा ठोका

२ फेब्रुवारी, सोमवार

बसलं एकदाचं धुक्याचं यंत्र! साहेबांच्या कानाशी इतके महिने भुणभुण केली, तेव्हा कुठे हलले. दादा म्हणाला, "भुंगे, एकदा कडकडून चावली असतीस तर लवकर झालं असतं."

आमच्या खडीच्या कारखान्यात खरी वाईट जागा एकच – पीठघर. वरच्या पट्ट्यावरून दगडाचा चुरा खालच्या पट्ट्यावर पडतो, ती पत्र्याची खोली. हे नाव कामगारांनीच पाडलेलं, कारण आत गेलेला माणूस पिठाच्या पोत्यातून काढल्यासारखा बाहेर येतो. रोज दुपारी पट्टा थांबवायचा, तिघांनी आत जायचं आणि पट्ट्याखाली सांडलेला चुरा फावड्याने उपसायचा. मुकादम, लंबू आणि माझा दादा. बाकीचे दोघं त्या मानाने नवे. दादाची उमर गेली त्यात, आणि ती सगळी धूळ त्याच्या छातीत बसली. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून सांगितलं – धूळ थांबली तर माणूस राहील. इतकं सरळ कोणी बोलू नये!

म्हणून धुकं. उपसताना आत सोडून ठेवायचं.

यंत्र बसवायला आलेला धुकेवाला भलताच बडबड्या निघाला. मुकादम त्याला म्हणाला, "पाणीच मारायचंय ना? मग पाइप घेऊन मारू की, एवढा थाट कशाला?" तर म्हणे, मोठा थेंब येताना आपल्यापुढची हवा ढकलतो, धूळ अलगद बाजूला सरकते, कोरडीच राहते. थेंब धुळीएवढाच बारीक हवा. "ज्याच्या मापाचं जे, ते त्यालाच चिकटतं. मग दोघं मिळून खाली बसतात."

मला आवडलं हे.

३ फेब्रुवारी, मंगळवार

पहिल्यांदा चालू केलं. आधी नुसता फुस्स आवाज, मग पीठघराच्या दारातून पांढरं काहीतरी हळूहळू बाहेर आलं. ओलं वाटत नाही. चेहऱ्यावर कोणीतरी श्वास सोडल्यासारखं वाटतं. आतलं काहीच दिसेना.

दिसण्याचं आम्हाला कौतुक नाही म्हणा. धुळीतही कुठे दिसत होतं? म्हणून तर ठोक्याची पद्धत. पीठघराचं दार माझ्या केबिनच्या पलीकडच्या अंगाला. बाहेर पडलेल्या माणसाने दाराच्या लोखंडी कठड्यावर फावडं वाजवायचं. कठडा थेट माझ्या खिडकीपर्यंत येतो, आवाज खणखणीत येतो. मुकादमाचे तीन, घाईघाईचे. लंबूचा एक, कानठळ्या बसवणारा. दादाचे दोन – टण्... टण्, मध्ये जरा दम घेऊन. घरीही तो दार तसंच वाजवतो. तिघांचे ठोके आले की मी भोंगा देते आणि पट्टा सुरू करते. साहेबांनी कुलपं आणली आहेत, प्रत्येकाने बटणाला आपलं कुलूप लावूनच आत जायचं म्हणून. ती कुलपं कपाटात सुखाने नांदताहेत.

आज तिघंही जसे आत गेले तसेच बाहेर आले. पांढरा कोणीच नाही! फरशीवर राखाडी चिखल. दादा संध्याकाळी जेवताना खोकायला एकदाही उठला नाही. मला रडूच आलं. वहिनीला म्हटलं, कांदा झोंबला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

तीन. एक. दोन. मी भोंग्याला हात घातला, आणि अजून एक आला. हळू, ओल्या तळव्याने थोपटल्यासारखा. टप्.

खिडकीतून ओरडले, "कोण राहिलंय?" तिघंही बाहेर विड्या शोधत उभे.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा. टप्. सगळ्यांच्या शेवटी.

धुकेवाल्याला बोलावलं. त्याने पाइपांवरून हात फिरवला, कान लावला, मान डोलावली. दाब उतरला की नळी आखडते, कठड्याला टेकते – एवढंच. खाली रबर घातलं. "आता तुमचा पाहुणा येणार नाही, ताई."

९ फेब्रुवारी, सोमवार

आला! रबरासकट!

पण त्याचं नाव मात्र पडलं. पाहुणा. लंबू दारात उभा राहून आत हाक मारतो, "या पाहुणे, चहा घ्या!" मुकादम त्याला गप्प करतो, पण स्वतः हसतो. माणसाला कशाचीही सवय होते. मीसुद्धा आता तीन, एक, दोन आणि टप् एवढं झाल्यावरच भोंगा देते. त्याच्याआधी हात उचलतच नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दादाचा खोकला निम्म्यावर आला. वहिनी म्हणते, "तुझ्या धुक्याचं तोंड गोड करायला हवं."

चालत घरी येताना दादा गमतीत म्हणाला, "भुंगे, आत चौथं फावडं चालतं, बरं का." मी म्हटलं, घुमत असेल. पत्र्याची खोली आहे. म्हणाला, "पहिल्यांदा मलाही तसंच वाटलं. माझ्यामागून यायचं. आता माझ्याबरोबरच पडतं. मी थांबलो की तोही थांबतो. काम चांगलं करतो हो, कामचुकार नाही."

"आणि तू खोकलास की?"

तो हसला. म्हणाला, "तेवढं त्याला अजून जमत नाही."

मी रागावले त्याच्यावर. असलं बोलायचं नाही म्हटलं. तर गाणं म्हणत पुढे गेला – गाणं! त्याला मधेच न थांबता गाणं म्हणता येतंय.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पाहुण्याचा ठोका आज तितका ओला नव्हता. भास असेल.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

अक्षर बघवत नाही. तरी लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

दुपारी तीन आले. एक आला. मग टण्... टण्. दादा बाहेर. मी हात भोंग्यावर ठेवून पाहुण्याची वाट पाहत बसले, रोजच्यासारखी. आला नाही. म्हटलं येईल. आला नाही. मुकादम खालून ओरडला, "अगं दे की भोंगा, झोपलीस का?" सगळे बाहेर होते. ठोके पुरे होते. पट्टा सुरू न करायला काहीही कारण नव्हतं. पण हात उठेना. त्या मुकाट कठड्याचीच भीती वाटायला लागली.

शेवटी मी धुकं बंद केलं आणि जिना उतरून पळत गेले. दारात मुकादम. लंबू. दादा नाही!

लंबूचा चेहरा पांढराफटक. म्हणाला, "त्यांनीच सांगितलं. म्हणाले, माझेपण दोन मार, मी आलोच मागून. मी मारले."

धुकं विरायला किती वेळ लागतो! आधी छत दिसलं, मग पट्टा, आणि पट्ट्यावर पालथा पडलेला दादा. चुऱ्याचा चिखल अंगभर. मी बटण दाबलं असतं तर – नाही. ते लिहिणार नाही.

उताणा केला. तोंडावरचा चिखल पुसला. डोळे उघडेच होते, माझ्याकडे बघत होते. जीव भांड्यात पडला. मी त्याला गच्च धरून वेड्यासारखी रडले. तो गार होता, पण श्वास चालू होता. संथ.

लंबू कठड्याला टेकून ढसाढसा रडत होता. त्याला कोण काय बोलणार? एकमेकांचे ठोके मारायचं सगळेच करत आलेत.

१८ फेब्रुवारी, बुधवार

धुकं बंद, चौकशी चालू. कुलपं कपाटातून बाहेर आली. साहेब सगळ्यांवर ओरडले, मग माझ्या पाठीवर थाप मारली. "प्रसंगावधान!" मी काय सांगणार? पाहुणा आला नाही म्हणून थांबले?

आता मनातल्या मनात त्याला पाहुणा म्हणवत नाही. त्यानेच दादाला वाचवलं. कुठे असेल तिथे सुखी राहो.

२१ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टरांनी दादाच्या छातीला नळी लावली, काढली, पुन्हा लावली. फोटो काढला. जुना फोटो शेजारी धरला. "हा दुसऱ्याच कोणाचा आहे की काय?" म्हणाले. छाती स्वच्छ! वहिनीने डोळ्यांना पदर लावला. मी डॉक्टरांच्या पाया पडायचीच बाकी होते.

दादा खुर्चीत बसून होता. शर्टाच्या बाह्यांमधून पाण्याचे थेंब गळत होते. बाहेर कडक ऊन होतं. घाम असेल.

२५ फेब्रुवारी, बुधवार

आज दार वाजलं. अगदी हळू, एकदाच. वहिनी आतून म्हणाली, "बघ गं, कोण परकं आलंय." उघडलं तर दादा.

इतकी वर्षं त्याच्या दोन ठोक्यांवर वहिनी तव्यावरची पोळी टाकून धावायची.

१ मार्च, रविवार

घरी आहे, म्हणून बघत बसले त्याच्याकडे. बघू नये, पण बघते.

खोकत नाही. घोरत नाही. गाणं म्हणत नाही. त्याची उशी रोज ओली असते, वहिनी रोज उन्हात घालते. आरशासमोर उभा राहतो आणि आरशावर वाफ धरते, आंघोळ केलेली नसताना. बोलतो नीट, हसतो नीट, पण आपण आधी हसलो की मग. मी चालायला लागले की चालतो. थांबले की थांबतो.

आणि आल्यापासून मला एकदाही 'भुंगे' म्हणाला नाही. मुद्दाम विचारलं, "दादा, तू मला काय म्हणतोस?" तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तू काय म्हणतेस?"

३ मार्च, मंगळवार

आज वहिनीजवळ बोलले. पोळ्या लाटत होती. म्हटलं, वहिनी, तुला दादा बदललेला नाही वाटत?

लाटणं आपटलं तिने. "मरता मरता परत मिळाला मला! आयुष्यात पहिल्यांदा शेजारी माणूस शांत झोपतोय, आणि तुला त्याचा खोकला हवाय?"

खरंच तर बोलली. मीच मागितलं होतं हे. खोकला जाऊ दे, दादा राहू दे, एवढंच मागत होते. मग आनंद का होत नाही?

सरळच लिहिते. वहीशी कसला आडपडदा? मला भीती वाटते की त्या दिवशी आम्ही पट्ट्यावरून बाहेर काढला तो दादा नव्हता. धुक्यात दोघं होते, एकाच मापाचे. आम्ही हाताला लागला तो उचलला.

पंधरा दिवस धुकं बंद आहे. आत कोणी गेलेलं नाही. उद्या पुन्हा सुरू करणार म्हणे. दादाला साहेबांनी हलकं काम दिलंय, माझ्याच केबिनमध्ये, माझ्या शेजारच्या खुर्चीवर.

४ मार्च, बुधवार

धुकं सोडलं. मुकादम आणि लंबू आत गेले, उपसून बाहेर आले, आपापली कुलपं काढून घेतली. मी भोंग्याला हात घातला. तेवढ्यात कठडा वाजला. टण्... टण्. मध्ये दम घेऊन. आणि मग आतून तो खोकला – कोरडा, लांबलेला, जन्मभर भिंतीपलीकडून ऐकलेला. मी शेजारी पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता. हसत.

म्हणाला, "सगळे बाहेर आलेत. दाब की बटण."