मुठीच्या आतलं पातं

मोमिनाबाद,
मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८५१

प्रिय गहिनीनाथा,

आष्टीच्या बबनरावांनी तुला नगरच्या छापखान्यात पाहिल्याचं काल कळलं. टपालाचा भरवसा नाही, म्हणून हे पत्र त्यांच्याच हाती देतो आहे. पाकिटावर माझं अक्षर पाहून फाडू नकोस. फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

तू गेलास त्याला दीड वर्ष झालं. वाचनालयातली ती सभा तू विसरला नसशील. निजामाच्या राज्यात सभेला लागते ती तहसीलची परवानगी मिळवायला मी तीन आठवडे खेटे घातले होते, आणि विषय होता 'पुरावा'. ऐकीव गोष्टींवर जगणारा समाज गुलामच राहतो, हे मी तेव्हा गरजून सांगितलं होतं. आजही ते मला खरंच वाटतं. पण त्यासाठी उदाहरण म्हणून मी तुझ्या वडिलांची, शहादेवकाकांची, तलवार निवडली. मुंबईच्या चोरबाजारातून तीन जपानी तलवारी आणल्या होत्या, एक इंग्रजी पुस्तक दोनदा वाचलं होतं, तेवढ्यावर मी पारखी झालो होतो.

शहादेवकाकांची हकीकत साऱ्या गावाला पाठ होती. चीनच्या लढाईत ते इंग्रजांच्या फौजेमागे खेचरं हाकत गेले. तिथं इंग्रजांच्याच बाजूनं लढणाऱ्या एका जखमी जपानी साहेबाला त्यांनी दोन दिवस खेचरावर बांधून तळापर्यंत आणलं. मरताना त्या साहेबानं कमरेची तलवार त्यांच्या हातात दिली, आधी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग एकेक करून सात बोटं दाखवली. सात पिढ्यांची तलवार, असा अर्थ काकांनी लावला. गावानं तीस वर्षं ही गोष्ट ऐकली आणि तीस वर्षं पाठीमागे हसून घेतलं, खेचरं हाकणाऱ्याला साहेब तलवार देतो व्हय, म्हणून. त्या दिवशी काका धुतलेलं पागोटं बांधून पुढच्या रांगेत बसले होते. तलवार काकूंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून त्यांनीच आणली होती. शिकलेला माणूस चारचौघांत सांगणार की हे खरं आहे, या आशेनं ते आले होते. त्यांना तेवढंच हवं होतं. हे मला तेव्हाही दिसत होतं.

मूठ पितळी, फौजी घडणीची. ती पाहताच मला संशय आला. तरी नियमाप्रमाणे मी बांबूची खुंटी ठोकून काढली आणि मूठ उपसली. जुन्या जपानी तलवारीचं वय तिथंच कळतं. मुठीत दडलेल्या लोखंडावर शे-दोनशे वर्षांचा काळा गंज चढतो. तो कुणी पुसत नाही, कारण तोच तिचा जन्मदाखला. काकांच्या तलवारीचा तो भाग नव्या पळीसारखा लखलखत होता. मी तो उंच धरला आणि म्हणालो, ही कारखान्यातली तलवार आहे, हिला सात पिढ्या नाहीत. टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "काय शहादेवराव, सात पिढ्या का सात म्हयने?" काका उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "साहेब खोटं न्हाई बोलला. मरत हुता त्यो." हशात ते कुणाला ऐकू गेलं नाही. मी जवळ होतो, मला गेलं.

तू माझा सर्वांत कडवा शिष्य. घरी जाऊन तू त्यांना काय विचारलंस ते काकूंनी मला नंतर सांगितलं. "दादा, आमाला जलमभर फसवलं कावून?" चौथ्या दिवशी तू निघून गेलास. तुला दोष देत नाही. ते वाक्य तुझ्या तोंडून निघालं, पण घडवलं मी.

या खंडेनवमीला तुमच्या दारावरून जात होतो. काका अंगणात बसले होते. तलवार सुटी करून मांडलेली, मूठ बाजूला, पुढ्यात विटेची पूड आणि कापलेलं लिंबू. मुठीच्या आतला तोच भाग ते अंगठ्यानं घासत होते, लहान मुलाची मान घासावी तसे. मी विचारलं, काका, हे दरवर्षी करता? ते माझ्याशी दीड वर्षात पहिल्यांदा बोलले, "भायेरून समदेच घासतेत. आत घाण ऱ्हायली तर साहेबाला काय वाटंल?"

एकोणतीस खंडेनवम्या, गहिनीनाथा. शस्त्र लखलखीत करून पूजेला मांडायचं, ही आपली रीत. जपान्यांची रीत त्यांना कोण सांगणार होतं? ज्या गंजानं त्यांना खरं ठरवलं असतं तो त्यांनी स्वतःच्या हातानं, मायेनं घासून टाकला होता. सभेत मी एक प्रश्न विचारला असता, हे असं चकचकीत का, तर त्यांनी सरळ सांगितलं असतं. मला विचारायचं सुचलंच नाही. मला बोलायचं होतं.

आणि याहून वाईट पुढं आहे. त्या अंगणात मला सगळं कळलं होतं, तरी मी त्यांचे पाय धरले नाहीत. आधी खात्री करावी म्हणून मी पुण्याच्या एका जाणकाराला त्या भागाचं चित्र काढून पाठवलं. बेअब्रू करायला मला एक घटका पुरली होती. चूक कबूल करायला मात्र पुण्याची चिठ्ठी हवी होती. दोन महिने मी रोज टपालाची वाट पाहिली आणि तुमचं दार चुकवून दुसऱ्या गल्लीनं गेलो.

उत्तर परवा आलं. ते लिहितात की तुमच्या चित्रात खुंटीसाठी दोन भोकं आहेत, एक बुजवलेलं. कारखान्याच्या तलवारीला एकच लागतं. म्हणजे हे पातं आधी दुसऱ्या मुठीत होतं आणि फौजी मूठ मागाहून बसवली. कित्येक जपानी अधिकारी घराण्याचं पातं असंच लढाईवर नेत. पातं मुठीहून नक्की जुनं, पण किती जुनं ते आता ब्रह्मदेवही सांगणार नाही. ते दुसरं भोक मी सभेतच पाहिलं होतं. त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता, म्हणून मी ते सोडून दिलं.

ते उत्तर चार दिवस उशिरा आलं. शहादेवकाका गेल्या शुक्रवारी पहाटे गेले. ताप दोनच दिवसांचा होता. तुझा ठावठिकाणा कुणालाच माहीत नव्हता. तिरडी बांधून झाल्यावर मडकं कुणी धरायचं यावरून भावकीत कुजबुज सुरू झाली, तेव्हा काकू दारातून सगळ्यांदेखत मला म्हणाल्या, "खोटं म्हणाया तोंड हुतं ना धर्मराज? मग आता मडकं धराया हात हायेत का?" मी मडकं धरलं. अग्नी मी दिला. तो माझा मान नव्हता, शिक्षा होती. पण पिंडाला मी हात लावणार नाही. अस्थी अंगणाबाहेरच्या लिंबाला बांधल्या आहेत. येत्या रविवारी दहावा आहे. बबनरावांबरोबर लगेच निघालास तर पोचशील. त्या दिवशी नदीवर, परवानगी असो नसो, मी जमलेल्यांना हे सगळं सांगणार आहे. तू माझ्याशी बोललं पाहिजेस असं नाही. काकूंनी तुला काही निरोप दिलेला नाही. मी लिहायला बसलो आहे हे कळल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "त्यो नीट जेवतो का, ते बबनरावाला इचारलंस का?" मी विचारलं नव्हतं.

तुझाच म्हणवून घेण्याचा हक्क गमावलेला,
धर्मराज