धुराड्यातल्या पाकोळ्या

३ फेब्रुवारी

चि. धाकटीस, दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या कचेरीला पक्ष्यांच्या जुन्या नोंदी हव्यात म्हणालीस, म्हणून वही पाठवतो आहे. सव्वीस वर्षं, दर मे महिन्याच्या पहिल्या तीन सांजा, कारखान्यात, बॉयलरखान्याच्या जिन्याच्या चौथ्या पायरीवरून मोजलेल्या पाकोळ्या. दिवसभर उडता उडता किडे टिपतात आणि अंधारायच्या आत बंद धुराड्यात उतरतात. पहिल्या वर्षी चारशे बारा, गेल्या वर्षी शहाण्णव. साहेबांना सांग, सातवीनंतर शाळा सोडलेल्या मेकॅनिकचे आकडे आहेत, पण एकही अंदाजपंचे नाही.

तुझी वहिनी म्हणते, इतकं लक्ष संसारात घातलं असतं तर... पुढचं तुला पाठ आहे.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

दादा

११ फेब्रुवारी

ती. दादास, सा. न. वि. वि.

साहेबांनी वही दोनदा वाचली, अक्षराचं कौतुक केलं. मग विचारलं, पाकोळ्या कमी झाल्या की मोजणाऱ्याची नजर? मी भांडले. पण वहिनीने कळवलंय, हल्ली तू चहा कपाशेजारी ओततोस. डोळे तपासल्याशिवाय वही अहवालात जाणार नाही. रागव हवं तर, पण जा.

तुझी माया असू दे.

धाकटी

२ मार्च

चि. धाकटीस, आशीर्वाद.

रागावलो, मग गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. किती वर्षं नकळत वाढत होता कोण जाणे. खरं सांगतो, दवाखान्याचा जिना मी शीळ घालत उतरलो. म्हणजे पाकोळ्या आहेत, मलाच दिसत नव्हत्या. वहिनीला वाटलं, डोळ्यांबरोबर डोकंही गेलं. वही खोटी ठरली तर ठरू दे. साहेबांना म्हणावं, मेपर्यंत थांबा.

दादा

४ मे

चि. धाकटीस, आशीर्वाद.

दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन उत्तम झालं. धुराड्याची वीट न् वीट दिसते.

काल तिसरी सांज झाली. अठ्ठावन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न. वहिनीलाही शेजारी बसवलं होतं, तिचे आकडेही तेच.

आज डॉक्टरांना विचारून आलो. मोतीबिंदूत एका दिव्याचे दोन दिसू शकतात. मला दोन वर्षं दिसत होते, कुणाला बोललो नाही. तेव्हा गेल्या दोन वर्षांत काही पाकोळ्या मी दोनदा मोजल्या. त्या दोन ओळी लाल शाईने खोड आणि शेजारी ‘मोजणाऱ्याचा दोष’ असं लिही. आधीच्या चोवीस वर्षांना हात लावू नकोस.

साहेबांना सांग, नजर आता चोख आहे. बोट ठेवायला दुसरं काही उरलं नाही.

पुढच्या मे महिन्यात जमलं तर ये. जमलं तर नको, येच.

दादा